जुनं खत

चेरीताल, जबलपूर
१८ नोव्हेंबर १९३४

ती. ताईस अच्युतचा नमस्कार.

तुझ्या शाळेतल्या मुलींचे पाढे पाठ झाले असतील तर धाकट्या भावाकडे जरा लक्ष दे. काम आहे म्हणूनच लिहून राहिलो, हे तू ओळखलंच असशील.

पचमढीच्या डोंगरावर लावायची चिडाची, साहेबांच्या भाषेत पाइनची, रोपं आजवर तिथल्याच मातीत वाढवत आले. एका रोपाला एक टोपली माती. भाऊजींनी लावली त्या काळी रोपं थोडी होती, खपून गेलं. आता हजारांनी लावायची म्हणतात, म्हणजे एक उतार हिरवा करायला दुसरा उतार खरवडायचा. मी आमच्या साहेबांना म्हटलं, डोंगरची माती नकोच. जबलपुरात रोज जो कचरा फेकतात तोच कुजवून त्यात रोपं वाढवून दाखवतो. साहेब हसले, पण एक हंगाम दिला. पाचशे रोपं, आणि पुढच्या नोव्हेंबरात पाहणी. जमलं तर ही रोपवाटिका माझ्या हाती राहील. नाही जमलं तर पुन्हा दमोहच्या लाकूड डेपोत ओंडक्यांवर शिक्के ठोकायला पाठवतील. सात वर्षं ठोकले आहेत ताई. परत नाही व्हायचं माझ्याच्यानं.

खड्डा मी पावसाळ्यातच भरला. बडा फुहाऱ्याच्या बाजारातली केळीची पानं, उसाची चिपाडं, छावणीतल्या तबेल्यातला पेंढा, आरागिरणीचा भुसा, ग्वारीघाटावरचं निर्माल्य. तू नाक मुरडशील, पण निर्माल्यही शेवटी कुजतंच. शेणासाठी चार दिवस रिछाईला जाऊन राहिलो होतो. नव्या खड्ड्याला जुन्या खताचं विरजण लागतं, म्हणून मागच्या ओसरीवर फळांच्या पेटीत गेल्या सालचं खत राखून ठेवलं होतं. ते खड्ड्यात टाकायला रिछाईहून नथ्थू माळ्याच्या हाती कुंदाला चिठ्ठी धाडली. परत येऊन पाहतो तर पेटी भरलेली ती भरलेलीच. मी काही बोललो नाही. लग्नाला जेमतेम वर्ष झालंय, इथल्या हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, मला घाबरते. तेव्हापासून जरा गप्पच असते. खड्डा मात्र आपला आपणच तापला.

तर काम असं. भाऊजींनी लावलेल्या चिडांची बोंडं उतरवून मला बी पाठव. त्या झाडांचं बी इथे रुजलं तर मला फार बरं वाटेल.

तुझा
अच्युत


पचमढी
२ डिसेंबर १९३४

चि. अच्युत, अनेक आशीर्वाद.

काम असल्याशिवाय लिहीत नाही हे तूच कबूल केलंस, माझे चार शब्द वाचले. बी फाल्गुनाशिवाय मिळायचं नाही. बोंडं अजून मिटलेली आहेत. तुळशीरामला सांगून ठेवलं आहे. तो आता म्हातारा झाला, पण ह्यांच्याबरोबर ती झाडं त्यानेच लावली, तेव्हा दुसऱ्या कोणाला चढू देत नाही. म्हणतो, बाईसाहेब, मी चढतो, फक्त तुम्ही खाली उभ्या राहून ओरडू नका.

दमोहचं नाव काढू नकोस. तुझ्या हाताला झाडं लागतात, हातोडा नाही. हे मी तुझ्या साहेबालाही सांगेन, तो विचारायला आला तर.

आता माझं काम. जिन्याखालच्या काळ्या पेटीत ह्यांची पत्रं आहेत. बावन्न. माझ्या शालूच्या जरीच्या काठाने बांधलेली. लग्नानंतरची तीन वर्षं हे इथे झोपडीत राहत होते आणि मी तिकडे आईजवळ, तेव्हाची. हे गेले आणि मी इथल्या शाळेवर आले तेव्हा ती मुद्दाम मागे ठेवली, कारण उघडायची छाती नव्हती. आता अकरा वर्षं झाली. फोटोत ह्यांचा चेहरा आहे, पण बोलणं हरवत चाललं आहे रे. दर पत्राच्या माथ्यावर मला एक नवं नाव ठेवलेलं असे. बावन्न पत्रं, बावन्न नावं. आता मला चार आठवतात. एवढी विसरेन असं वाटलं नव्हतं.

कोणी इकडे येणारं असलं की त्याच्या हाती पाठव. टपालाने नको, आणि वाचायची नाहीत.

तुझी
ताई


चेरीताल
२१ जानेवारी १९३५

ती. ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. संक्रांतीच्या आधीपासून खड्डा उपसून राहिलो. खत असं झालंय, की हातात घेतलं तर मोकळं, काळं, आणि वास म्हणशील तर नांगरलेल्या शेताचा. एकही किडा राहू नये म्हणून तारेच्या चाळणीतून दोनदा चाळलं आणि आठ दिवस उन्हात पसरून भाजून घेतलं. नथ्थू म्हणाला, बाबूजी, इतक्या साफ खतात तर गणपती बसवता येईल. त्यात तिसरा हिस्सा नर्मदेची रेती घालून बांबूच्या नळकांड्या भरल्या.

चाळणीत काय काय अडकतं, तुला सांगितलं तर नवल वाटेल. असो.

तुझ्या पेटीचं लक्षात आहे. पण त्या कुलपाची किल्ली सापडून नाही राहिली. शोधतो. तू काळजी करू नकोस. बी तेवढं वेळेवर पाठव.

कुंदा नमस्कार सांगते.

तुझा
अच्युत


पचमढी
१० मार्च १९३५

चि. अच्युत,

बी पाठवते आहे, दोन शेर भरेल. तुळशीराम झाडावर, मी खाली, आणि ओरडलेच शेवटी. उतरल्यावर त्याने मला पंख असलेलं एक बी दाखवलं आणि म्हणाला, साहेब असं बी ओठावर ठेवून फुंकायचे. मला हे ठाऊक नव्हतं. पत्रात लिहिलं असेल कदाचित.

पण काय रे, त्या पेटीला कुलूप कधी होतं? कडीत मी उदबत्तीची काडी घालून ठेवत असे. काहून किल्ली शोधत बसला आहेस?

ताई


चेरीताल
२० जुलै १९३५

ती. ताईस नमस्कार.

मधे चार महिने गेले. पेटीला कुलूप मीच मागून लावलं होतं, म्हणून किल्लीचं लिहिलं. ते सोड. मी मोठ्या संकटात आहे.

बी उत्तम रुजलं. एप्रिलात पाचशे चाळीस रोपं मोजली. टोकाला बियांच्या सालीची टोपी घालून उभी राहिली तेव्हा कुंदासुद्धा पाहायला आली. साहेब एकदा येऊन गेले आणि मान हलवून गेले, ती मान हो म्हणणारी होती. मग जूनपासून वाढ थांबली. आता बोटभर उंचीची ती तशीच उभी आहेत. सुया पिवळ्या पडल्या, शेंडे जांभळे. पाणी कमी केलं, वाढवलं. सावली केली, काढली. शेणाचं पाणी घातलं, राख घातली. त्याच खतात बाजूला वांगी लावली आहेत, ती माजून राहिली. म्हणजे खतात खोट नाही. मग चिडालाच काय खुपतं ते समजत नाही. रोज पाच-सहा मरतात. मेलेली मोजायला नको म्हणून मी सकाळी नथ्थूला पुढे पाठवतो.

पाहणीला चार महिने आहेत. साहेबांच्या कचेरीत एकाने दमोहच्या बदलीचा विषय हसत हसत काढला. मी पण हसलो.

तुला यातलं काही कळत नाही हे माहीत आहे. पण कोणाला सांगू?

अच्युत


पचमढी
२९ जुलै १९३५

चि. अच्युत,

तुझं पत्र वाचता वाचता मी उठून उभी राहिले. अरे, ह्यांचीही रोपं अशीच पिवळी पडली होती. पहिल्याच वर्षी. मला चेरीतालला लिहिलं होतं की साहेब मला घरी पाठवणार, तुझ्या आईला सांग जावई येतो आहे कायमचा. आणि मग पुढच्या कुठल्यातरी पत्रात लिहिलं की सापडलं, आणि काय सापडलं तेही लिहिलं होतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला रोपांशी काय करायचं होतं? माथ्यावरचं नाव वाचायचं आणि शेवटची ओळ वाचायची. मधलं सगळं डोळ्यांखालून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

तुझा उपाय त्या पेटीत आहे. कुलूप दगडाने फोड. वाचायची नाहीत असं म्हटलं होतं ते मी परत घेते. पहिल्या वर्षाच्या पावसाळ्यातली पत्रं काढ, सगळी वाच, लाजू नकोस. आजच्या आज.

ताई


चेरीताल
८ ऑगस्ट १९३५

ती. ताईस नमस्कार.

कसं लिहू कळत नाही. पेटी उघडली. आत वाळवी लागली होती. पत्रांचं सगळं पीठ झालं आहे, एक अक्षर वाचण्यासारखं उरलं नाही. तुला आधी सांगायला हवं होतं. मला क्षमा कर.

रोपं आता साडेतीनशे आहेत.

अच्युत


चेरीताल, जबलपूर
१४ ऑगस्ट १९३५

आदरणीय वन्संना कुंदाचा चरणस्पर्श.

मी मराठी बोलून घेते पण लिहायची आदत नाही, गलती माफ करा. हे पत्र मी यांना न सांगता लिहून राहिली. नथ्थू भैया टपालात टाकेल.

वाळवी लागली नाही. तुमची पत्रं मी खड्ड्यात टाकली.

मागच्या सावनमध्ये हे रिछाईला होते तेव्हा यांची चिठ्ठी आली. मला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून यांनी हिंदीत लिहिलं होतं, "पेटी में जो पुराना खत है, सब नथ्थू के हाथ गड्ढे में डलवा दो. ज़रा भी मत बचाना." वन्सं, हिंदीत खत म्हणजे चिठ्ठी, पत्र. जे झाडांना घालतात त्याला आम्ही खाद म्हणतो. यांनी मराठीतला खत शब्द हिंदीत लिहून दिला. मी जुनी पत्रं समजली.

तुम्ही म्हणाल, विचारलं काहून नाही. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र आहे, ते यांना पण माहीत नाही. मी तुमची पत्रं वाचत होती. रोज दुपारी एक. मला यांच्यासारखी चांगली मराठी यावी म्हणून. घरात दुसरं हाताने लिहिलेलं मराठी नव्हतं. मला माहीत होतं हे वाईट आहे. चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं, यांना कळलं, आणि ही माझी सजा आहे. म्हणून मी एक शब्द बोलली नाही. स्वतःच्या हाताने पानांच्या खाली ठेवली, काठ पण सोडला नाही.

जानेवारीत चाळणीत काठ निघाला तेव्हा यांनी मला विचारलं. मी चिठ्ठी दाखवली. हे खाली बसून गेले. नंतर एक महिना माझ्याशी बोलले नाहीत आणि म्हणाले, ताईला कळवायचं नाही, मी पाहून घेईन. आता हे रोज खोटं लिहितात आणि रोज झाडं मरतात. मला दोन्ही पाहवत नाही.

एक गोष्ट उरली आहे. पत्रात जो शब्द मला समजत नव्हता, ते पूर्ण वाक्य मी वहीत उतरवून घ्यायची, कोणाला तरी विचारायला. कोणाला विचारलं नाही. ती वही सोबत पाठवते, सतरा वाक्यं आहेत. नवव्या वाक्यात रोपांचं काही आहे, पण त्यात 'बुडखा' शब्द आहे, मला वाटलं कोणी म्हातारे काका असतील. तुम्ही पाहा.

माथ्यावरची नावं पण मला पुष्कळ याद आहेत. ती समजायला सोपी होती म्हणून वहीत नाहीत. ती लिहायला मला शरम येते.

मला जी सजा द्यायची ती द्या, यांना देऊ नका.

कुंदा


चेरीताल
२८ ऑगस्ट १९३५

ती. ताईस,

हे पत्र वाचून तू मला उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

वाळवी नव्हती. कुलूप नव्हतं. तुझी पत्रं माझ्या खताच्या खड्ड्यात गेली आणि माझ्यामुळे गेली. कुंदाला हिंदीत चिठ्ठी लिहायला गेलो आणि आपलं घरचं खत तिच्या हिंदीत घुसडलं. तीस वर्षं या हिंदी मुलखात राहून मला एवढं समजलं नाही. तिने ख़त वाचलं. दोष तिचा नाही, आणि मी तो महिनाभर तिच्याच माथ्यावर ठेवून फिरलो. ते माझं जास्त वाईट.

मला जानेवारीपासून माहीत आहे. दर वेळी लिहायला बसलो की वाटायचं, आधी रोपं जगू दे. ताईला म्हणता येईल, पत्रं गेली पण भाऊजींची झाडं उभी राहिली. मग तू लिहिलंस की उपाय त्याच पत्रांत होता. तेव्हा मी घराबाहेर जाऊन नळकांड्यांपाशी उभा राहिलो. उपाय तिथेच होता, रोपांच्या मुळांशी, चाळून आणि भाजून मीच भरलेला. आणि मला तो वाचता येत नव्हता.

काल कुंदा जरीचा काठ रिठ्याच्या पाण्यात धूत होती. म्हणाली, एवढं तरी वन्संना पाठवा. सोबत पाठवतो आहे. पाचच महिन्यांत शालूचा धागा गेला, जरीची तार राहिली.

रोपं दोनशे ऐंशी. दमोहला जाईन. त्याचं आता काही वाटत नाही.

अच्युत


पचमढी
४ सप्टेंबर १९३५

अच्युत,

तुझं पत्र आलं. काठ मिळाला.

राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. पत्रं गेली याचा राग नाही, त्याचं फक्त दुःख आहे, आणि ते माझं मी पाहीन. राग वाळवीचा आहे. ती पेटी पत्र्याची आहे, गधड्या. पत्र्याच्या पेटीला वाळवी लागली असं माझ्या शाळेतली पहिलीतली मुलगीसुद्धा सांगणार नाही. तुझं ते पत्र वाचलं तेव्हा मला कळलं की काहीतरी फार वाईट झालं आहे, आणि तू मला त्यात एकटीला सोडून दिलं आहेस.

मग मला खरं कळलं. कसं, ते घरी विचार आणि विचारल्यावर आवाज चढवू नकोस.

एव्हाना पोतं मिळालं असेल. त्यात ह्यांच्या झाडांखालची माती आहे, कुजक्या सुयांसकट. ती चाळू नकोस. भाजलीस तर मी स्वतः येऊन तुला त्या खड्ड्यात घालीन. एकेका रोपाच्या बुडाशी एक ओंजळ, मुळाला लागेल अशी. तुळशीरामने मला बोटाने उकरून दाखवलं, त्या मातीत पांढरे तंतू असतात, बुरशीसारखे. त्यांच्यावाचून चीड जगत नाही म्हणतो. काहून, ते त्याला माहीत नाही, ह्यांनाही नव्हतं. पहिल्या वर्षी ह्यांनी मोठ्या बंगल्यातल्या जुन्या चिडाच्या झाडाखालून ती आणली होती. तुझ्या खताला विरजण लागतं ना, तसं चिडालाही लागतं एवढं समज. तू ते फार स्वच्छ केलंस.

उरलेली दोनशे ऐंशी सांभाळ.

ताई


चेरीताल
३० नोव्हेंबर १९३५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पाहणी काल झाली. आता सगळं क्रमाने सांगतो.

पोतं तुझ्या पत्राच्या आधी आलं. आत चिठ्ठी नव्हती, नुसती माती आणि सुया. मी काही न समजता बसलो होतो. मग रेल्वेची बिल्टी पाहिली. पिपरिया स्टेशनावर ते सत्तावीस ऑगस्टला चढवलं होतं. मी कबुलीचं पत्र लिहिलं अठ्ठावीसला. म्हणजे मी खोटाच होतो तेव्हाही तू पोतं भरलंस. ती बिल्टी मी जपून ठेवली आहे.

कुंदाला विचारलं. आवाज चढवला नाही. तिने सगळं सांगितलं, वाचण्याचंही. मी म्हटलं, मला मागितलं असतंस तर मी शिकवली असती मराठी. ती म्हणाली, तुम्ही शिकवली असती तर खताची शिकवली असती.

एक पोतं माती दोनशे ऐंशी रोपांना पुरून उरली. तीन आठवडे काही झालं नाही. दसऱ्याच्या सुमाराला नथ्थूने मला हाताला धरून नेलं आणि एका शेंड्याकडे बोट दाखवलं. हिरवा होता. दिवाळीपर्यंत दोनशे बावीस रोपांनी रंग धरला आणि आता तर वीतभर झाली आहेत. ताडून पाहायला ज्यांना मी मुद्दाम ओंजळ घातली नाही ती पाच मेली. ती पण साहेबांना दाखवली.

साहेबांनी एक रोप उपटायला लावलं, मुळं पाहिली, खत नाकाशी धरलं. पाचशे म्हणाला होतास, म्हणाले. मी म्हटलं, हो, बाकीची माझ्या चुकीने गेली, आणि चूक सांगितली. पत्रांची नाही, भाजण्याची. मग म्हणाले, एका टोपलीच्या जागी एक ओंजळ, म्हणजे डोंगर वाचला. पुढच्या साली दोन हजार कर. दमोहचं नाव निघालं नाही.

ताई, मला आनंद झाला आहे, आणि झाला याची लाजही वाटते. तुझं गेलं ते कुठल्या रोपाने भरून येणार?

आषाढात रोपं पचमढीला येतील. घेऊन मीच येईन, तुझी परवानगी असेल तर.

अच्युत


पचमढी
१२ डिसेंबर १९३५

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याला वेगळं पत्र लिहिलेलं नाही. त्याला वाचून दाखव, म्हणजे तुझा सरावही होईल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते मी अर्धं वाचून फेकलं होतं. माझी पत्रं दुसऱ्या बाईने रोज दुपारी वाचली, हे मला ती जळाली असती त्यापेक्षा जास्त झोंबलं. वही उघडायची नाही असं ठरवलं. मग नवव्या वाक्यासाठी उघडली, अच्युतसाठी. तुझं अक्षर शाळकरी आहे, वेलांट्या उलट्या. पण वाचायला लागले आणि थांबले नाही.

"रोपं रुसली होती, जुन्या बुडख्याजवळची कुजट माती ओंजळ ओंजळ घातली तशी खुलली." बुडखा म्हणजे झाडाचं खालचं खोड. काका नाहीत. तुळशीरामला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला आला.

बाकीची सोळाही मी आता रोज वाचते. "धुकं असं उतरतं की हातात कंदील असून ठेचकाळतो." "तुळशीराम बेरका आहे, माझी तंबाखू संपवतो आणि मलाच विचारतो कुठे गेली." "तुझ्या हातची अंबाडीची भाजी आठवली आणि उगाच हिरमुसलो." "दोन दिवस पत्र नाही, मी तणतणून राहिलो, पण ऐकायला इथे माकडंच आहेत."

कुंदा, तुझ्या लक्षात आलं का ग, की तू काय केलंस? प्रेम, सुख, मन, घर, हे शब्द तुमच्याकडेही तेच आणि आमच्याकडेही तेच. ते तुला समजत होते, म्हणून तू उतरवून घेतले नाहीस. ते सगळे खड्ड्यात गेले. उरलं फक्त कठीण ते. ठेचकाळणं, हिरमुसणं, तणतणणं. मी वही मिटली आणि मला ह्यांचा आवाज ऐकू आला, अगदी ओसरीवरून यावा तसा. कारण हे तसेच बोलत. गोड ते फक्त माथ्यावर आणि शेवटच्या ओळीत लिहीत, आणि मी मूर्ख तेवढंच वाचत होते. मधला माणूस तू वाचलास.

मी रडले, हे तुला सांगते. अच्युतला वाचून दाखवताना हे वाक्य गाळलंस तरी चालेल.

माफी मागू नकोस आणि सजाही मागू नकोस. वही माझ्याकडे राहील. त्याऐवजी तुला नवी वही पाठवते आहे. अडलेला शब्द मला लिहून पाठवत जा, मी अर्थ कळवीन. खत आणि खाद तेवढं आता दोघांना पाठ झालं असेल.

आषाढात रोपं येतील तेव्हा अच्युतने एकट्याने यायचं नाही. तू ये. ह्यांच्या झाडांच्या खालचा उतार मोकळा आहे, तिथे लावायचं ठरवलं आहे. मी खड्डे करीन, तुळशीराम ओंजळ घालील, तू रोप धर.

आणि ती माथ्यावरची नावं. मला चार आठवतात, तुला पुष्कळ आठवतात असं तू म्हणालीस. लिहायला शरम वाटते ना, मग लिहू नकोस. ती आता कागदावर नकोतच मला. एकेक रोप लावताना एकेक मला तोंडाने सांग. जेवढी आठवतील तेवढी.

तुझी
वन्सं